व्याजावरची कबड्डी: गावच्या पोरांसाठी कायम निधी कसा उभारावा

आमच्या शाळेच्या ऑफिसात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, एक लाकडी बोर्ड आहे. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'ठेव बक्षिसे', आणि खाली देणाऱ्यांची यादी. पहिल्या ओळीत गावच्या एका पाटलांनी १९७१ साली आईच्या स्मरणार्थ ठेवलेले ५०१ रुपये आहेत. त्याच्या व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. सात टक्क्यांनी धरलं तर वर्षाचे पस्तीस रुपये. तेव्हा त्यात मुलीच्या वर्षभराच्या वह्या येत. आज एक बरा पेन येतो.

तो बोर्ड मी लहानपणापासून पाहतोय. पण त्यातल्या दोन गोष्टी कळायला मला बँकेत ३४ वर्षं कॅशियर म्हणून काढावी लागली. पहिली गोष्ट, पाटील गेले, त्यांचा वाडा पडला, वावर वाटणीत गेलं. ५०१ रुपये मात्र शाबूत आहेत, कारण त्यांना हात लावायचा नाही असं लिहून ठेवलं होतं. दुसरी गोष्ट, शाबूत असूनही ते वाळून गेले, कारण व्याजातला एक पैसाही कुणी परत मुद्दलात टाकला नाही. कायम निधीचं सगळं शास्त्र एवढंच. बाकी जे सांगतोय ते तपशील आहेत, पण गाडी अडते ती तपशिलातच.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, ओलीत नाही, एक पीक. पोरांची दोनच वेडं, कबड्डी आणि पोलीस भरती. दरवर्षी दिवाळीनंतर वर्गणी व्हायची, दोन दिवसांचे 'खुले सामने' व्हायचे, डीजे, मंडप, पाहुण्यांचे सत्कार, आणि तिसऱ्या दिवशी पोरांकडे मैदान आखायच्या चुन्यालाही पैसे नाहीत. ही वर्गणी एकदा नीट साठवून तिच्या व्याजावर वर्षभर काहीतरी चालवावं, असं २००३ साली आम्हा आठ-दहा जणांच्या डोक्यात आलं. ६१ हजार जमले. आणि आम्ही ते तालुक्याच्या एका पतसंस्थेत टाकले, कारण ती बारा टक्के देत होती. मी स्वतः बँकेत होतो, तरी मान हलवली. पतसंस्था बुडाली. पुढच्या सात-आठ वर्षांत हप्त्याहप्त्यानं १४ हजार परत आले. गावात पुढची कितीतरी वर्षं मला लोक 'बारा टक्के' म्हणायचे.

दुसऱ्या खेपेला, २०१६-१७ च्या दोन हंगामांत, २ लाख ३७ हजार जमले. आज निधी साधारण ५ लाख ६० हजारांवर आहे. त्याच अनुभवावरून सांगतो.

आकडा उलटीकडून काढा

लोक विचारतात, 'किती जमवायचे?' हा प्रश्न शेवटचा. आधी पोरांना बसवून विचारा की वर्षभर काय चालू राहिलं पाहिजे. 'काय पाहिजे' असं विचारलं की ते 'मॅट पाहिजे, जिम पाहिजे' म्हणतात. 'काय बंद पडतं' असं विचारलं की खरं बाहेर येतं. आमच्याकडे बाहेर आलं ते असं: अभ्यासिकेचं वीजबिल थकतं, तालुक्याला सामन्याला जायला एसटीचे पैसे नसतात, भरतीची तयारी करून घेणारा माजी सैनिक दोन महिने फुकट येतो आणि मग येणं सोडतो.

आम्ही मांडलेला हिशेब सांगतो. तयारी करून घेणाऱ्याला महिना १,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे १५ हजार. वीजबिल ९ हजार. प्रवास ८ हजार. पुस्तकं आणि चालू घडामोडींचे अंक ६ हजार. गोळा, दोरी, शिट्टी, चुना असं किरकोळ ४ हजार. झाले ४२ हजार. आता व्याजाचे चार भाग करायचे. तीन भाग खर्चायचे आणि चौथा मुद्दलात परत टाकायचा, नाहीतर पाटलांच्या ५०१ सारखं होतं. म्हणजे ४२ हजार खर्चायला ५६ हजार व्याज हवं. सात टक्क्यांनी ५६ हजार यायला मुद्दल हवं ८ लाख.

आम्ही ८ लाखांना अजून पोहोचलो नाही. ५ लाख ६० हजारांचं व्याज होतं ३९,२००, त्याचे तीन भाग म्हणजे २९,४००. मग काय करतो? किरकोळ आणि पुस्तकांत कात्री लावतो, माजी सैनिकाला दहाऐवजी आठ महिने बोलावतो. लहान निधीनंही काम चालतं. फक्त लहान निधीत मोठ्या बाता करू नयेत.

दर सात टक्केच मिळेल असं नाही, हेही धरून चाला. २०२१च्या सुमारास मोठ्या बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर आले होते. त्या वर्षी आम्ही दहा हजारांच्या वर काही खर्च केला नाही. सामनेही नव्हतेच म्हणा.

पैसा कोणाच्या घरात ठेवायचा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. गावात सरळ मार्ग दिसतो तो असा की चांगल्या माणसाच्या नावावर एफडी करायची. अध्यक्षाच्या, सचिवाच्या, निवृत्त गुरुजींच्या. माणूस कितीही सोन्यासारखा असू द्या, त्याच्या पॅनवर काढलेली ठेव कायद्यानं त्याची. व्याज त्याच्या उत्पन्नात, आणि तो गेला की वारसांचा हक्क. काउंटरवर बसून मी अशी भांडणं पाहिली आहेत. मंडळाचे लोक पावतीपुस्तक घेऊन येतात, मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन येतो, आणि बँकेला दाखल्याचंच ऐकावं लागतं.

तेव्हा ठेव नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, संस्थेच्या पॅनवर. त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक, स्वतःचा ट्रस्ट काढायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. पुष्कळ मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, किमान सात सभासदांनी, नोंदणी करतात आणि सोबत ट्रस्ट म्हणूनही नोंदवतात. काढणं अवघड नाही, चालवणं अवघड आहे. दरवर्षी हिशेब तपासून घ्या, तो दाखल करा, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज करा. हे कोण करणार? पहिली दोन वर्षं उत्साह असतो. मग फाईल सचिवाच्या माळ्यावर आणि सचिव पुण्यात लेकाकडे.

दोन, जिचं ऑडिट दरवर्षी होतं अशी गावातली आधीचीच संस्था धरायची आणि तिच्यात वेगळ्या नावानं निधी ठेवायचा. आम्ही हे केलं. आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. शासनाचं अनुदान मिळत असल्यानं त्याचं दप्तर आपोआपच बऱ्यापैकी जाग्यावर असतं. एवढ्याशा निधीला दुसरी वाटच बरी असं माझं मत आहे. नवा ट्रस्ट काढण्याची हौस बहुधा लेटरपॅडवर अध्यक्ष म्हणून नाव छापण्याची असते.

दुसऱ्या वाटेनं जाताना तीन गोष्टी पाहा. संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत युवक, शिक्षण, क्रीडा यांपैकी काही आहे का. नसेल तर आधी घटनेत तो उद्देश घालावा लागतो, त्याला वेळ लागतो. मग कार्यकारिणीचा ठराव हवा, त्यात निधीचं नाव, मुद्दल न मोडण्याची अट, खर्च ठरवणारी वेगळी समिती, आणि उद्या संस्थाच बंद पडली तर हा पैसा अशाच कामाच्या दुसऱ्या ट्रस्टकडे जाईल हे वाक्य. तिसरं, ताळेबंदात हा निधी वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे. वाचनालयाच्या छपराच्या दुरुस्तीत तो विरघळू नये म्हणून.

ठेव कुठं

माझ्या बारा टक्क्यांच्या पापाचा हा भाग. वर सांगितलेल्या १९५० च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये ट्रस्टचा पैसा कुठं ठेवायचा हे लिहिलेलं आहे: शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली) बँक, पोस्टाची बचत बँक, शासनानं त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक, किंवा सरकारी रोखे. पतसंस्था त्यात नाही. हे मी २००३ साली वाचलं असतं तर!

बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी १ लाख होती. त्यात व्याजही मोजतात, आणि त्याच बँकेतलं संस्थेचं बचत खातंही त्याच ५ लाखांत येतं. म्हणून आमचा निधी साडेचार लाखांवर गेल्यावर आम्ही दुसऱ्या बँकेत खातं काढलं.

एकच मोठी पावती करू नका. आमच्या चार आहेत आणि चौघींच्या तारखा वेगवेगळ्या. दर पडले तर एका वेळी चौथाच हिस्सा पडलेल्या दरानं जातो, आणि मोडायचीच वेळ आली तर एकच मोडते. व्याज तिमाहीला बचत खात्यात घेतो. संचयी ठेवीत, म्हणजे व्याज मुदतीअखेरच मिळतं तिच्यात, आकडा फुगलेला छान दिसतो, पण पोरांना नोव्हेंबरात एसटीचे पैसे लागतात तेव्हा तो हाताशी नसतो.

'बँक सात देते, गावात शेकडा दोननं लावले तर वर्षाचे चोवीस सुटतात, पोरायचंच भलं होईल,' असं सुचवणारा एक जण प्रत्येक गावात असतोच. आमच्याकडेही होता, आणि वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं की परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि वसुलीला कोण जाणार? कबड्डीचे पोट्टे?

मागायला केव्हा जायचं

जूनमध्ये कोणाच्या दारात जाऊ नका. बियाणं, खत, पेरणी, मग डवरणी-निंदण. तेव्हा घरातला पैसा बाहेर जात असतो. सीतादही (कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापूस घरात यायला लागला की मग. तूर विकली की दुसरी फेरी. आम्ही डिसेंबर ते मार्च एवढेच महिने ठेवलेत.

रोख देता येत नसेल तर कापूस घेतो. पहिल्या वर्षी एका काकूंनी ओच्यातून, हो ओच्यातूनच, कापूस आणून वाचनालयाच्या ओट्यावर ओतला. त्या दुसऱ्याच्या वावरात वेचाईला जात. मालकानं मजुरीच्या वर दिलेला कापूस होता तो. तराजू आणून मोजला तर दोन किलो सातशे ग्रॅम. काकू म्हणाल्या, 'मायं नाव नको लिवू, पोरीचं लिव. थे पयते.' पोरगी तेव्हा नववीत होती, आणि पळत होती हे खरंच. तो कापूस बाकीच्यांच्या पाच-दहा किलोंसोबत खेडा खरेदीत विकला, चिठ्ठी लावून रक्कम जमा केली. पावती पोरीच्या नावानं.

तेरवीच्या वेळी मागावं का, यावर आमच्यात वाद झाला. मी विरोधात होतो. पण मागितलं नाही तरी लोक आपणहून देऊ लागले. जेवणाची पंगत लहान करून उरलेले पैसे आई-बापाच्या नावानं. आता नियम असा की दुखवट्याच्या घरी आपण विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तर पावतीपुस्तक चौदाव्या दिवशी न्यायचं. लेकीबाळींना मात्र जरूर कळवा. सासरी गेलेल्या मुलींना गाव वर्गणी मागतच नाही, आणि आमच्या यादीत त्यांचाच आकडा सगळ्यात मोठा आहे.

पैसे घेतानाच्या चार-दोन अडचणी. देणाऱ्याकडून 'ही रक्कम कायम निधीसाठी देत आहे' असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. पावतीवर आपण छापलेलं पुरेसं नाही. ते पत्र नसेल तर आयकराच्या नजरेत ती साधी वर्गणी, म्हणजे संस्थेचं त्या वर्षीचं उत्पन्न. आम्ही अर्ध्या पानाचा छापील नमुना केलाय, देणारा फक्त रक्कम आणि नाव भरतो. न लिहिणाऱ्यांचा अंगठा, सोबत साक्षीदार.

८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी म्हणणाऱ्याला खरं सांगा. तुमच्या संस्थेला ती मंजुरी नसेल तर नाही म्हणा. असली तरी २ हजारांच्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि ज्यानं नवी करप्रणाली घेतली त्यालाही मिळत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, म्हणून जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका, सीएला विचारा. त्याच वेळी त्याला ८५ टक्क्यांचंही विचारून घ्या. आयकर सवलत घेणाऱ्या संस्थेनं उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षी कामावर खर्चायचा असतो. आमचा व्याजाचा चौथा हिस्सा मुद्दलात जातो, मग हे बसतं कसं? ते प्रमाण पूर्ण संस्थेच्या उत्पन्नावर मोजतात आणि वाचनालयाचं बाकी उत्पन्न सगळं खर्च होतं, म्हणून बसतं. फक्त एवढ्याच कामाचा स्वतंत्र ट्रस्ट काढला असता तर हे प्रमाण बसलं नसतं.

गावचं पोरगं परदेशात असेल आणि पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्याच्या स्वतःच्या बचतीतली देणगी बँकेमार्फत चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी होते आणि दिल्लीच्या परवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. घेऊ नका, लाजही धरू नका. कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे त्यांनी कायद्यानं सामाजिक कामावर खर्चायचे, पैसेही २०२१ पासून कायम निधीत घेता येत नाहीत. त्यांच्याकडे मॅट मागा, पुस्तकांची कपाटं मागा.

आणि नोव्हेंबर २०१६! आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि नऊ तारखेला माझ्या घरी गर्दी. ज्यांनी तोवर एक रुपया दिला नव्हता ते जुन्या नोटांची बंडलं घेऊन, 'पोरायच्या निधीत टाका भाऊ, उरले ते मागून परत करजा.' एकाकडूनही घेतले नाहीत. दिवसा काउंटरवर रांग, रात्री दारात रांग. त्या महिन्यात मी जेवढे शत्रू केले तेवढे ३४ वर्षांत केले नव्हते.

मुद्दलाला कुलूप

माझ्या आज्याच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, तोंडावर दगड. त्यात ज्वारी. घरात कितीही तंगी आली तरी बियाण्याची ज्वारी काढायला आजीची परवानगी लागायची, आणि ती द्यायची नाही. निधीला अशी आजी पाहिजे. आमची आजी म्हणजे एक पानाची नियमावली. तिच्यात एक वाक्य आहे: 'मुद्दलातून कोणत्याही कारणासाठी, कितीही थोड्या दिवसांसाठी, उसने दिले जाणार नाहीत.'

'कितीही थोड्या दिवसांसाठी' हे शब्द २०१९ साली कामी आले. सप्ताहाच्या काल्याचा महाप्रसाद होता, मंडळाला ५० हजार कमी पडत होते. गावातली वजनदार मंडळी माझ्या ओसरीवर आली.

'तीन दिवसांची गोठ हाय कॅशियर भाऊ. काल्याले वर्गणी आली की तुमचे पैसे तुमाले.'

'माझे असते तर दिले असते.'

'मंग काऊन अडून राह्यले? देवाचंच काम हाय ना?'

'ठरावात लिहिलंय, पाहा.'

'ठराव कोनं केला? आपुनच ना? आपुनच बदलू.'

इथं दुसरं वाक्य उपयोगी पडलं: नियमावली बदलायची तर दोन सभा, दोन्हींत किमान तीन महिन्यांचं अंतर, आणि दोन्ही वेळा दोन-तृतीयांश मतं. तीन महिन्यांनी काला होणार नव्हता. मंडळी उठली, चहा न घेता. पुढं महाप्रसाद झाला, उसनवारीशिवाय झाला, मला बोलावणं आलं नाही. असू दे. दोन वर्षांनी त्यातल्याच एकानं निधीत ११ हजार दिले.

म्हणून सांगतो, नियम एक पानात बसले पाहिजेत, दारात उभ्या माणसाला वाचून दाखवता आले पाहिजेत. पैसे काढायला दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या किंवा एकाच पार्टीच्या नकोत. गावात पार्टी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे.

व्याज पोरांनीच खर्चायचं

खर्चाची समिती पाच जणांची. दोन जण पंचविशीच्या आतले, आणि पाचांत किमान दोन मुली किंवा बाया. सुरुवातीला आम्हा म्हाताऱ्यांना हे रुचलं नव्हतं. पहिल्या सभेत आमच्या डोक्यात काय होतं? गुणवंतांचा सत्कार, शाल, नारळ, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी म्हणाली, 'अभ्यासिकेच्या संडासाले आतून कडी नाही.'

कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, मग मुली काय करतात? म्हणाली, 'जोडीनं जातो. एक बाहेर उभी राहते. जोडीदारीण नसली तर घरी जातो, मंग वापस येत नाही.' दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. कडी, दोन बिजागऱ्या, एक बल्ब, मजुरी धरून ६४० रुपये. शाल-नारळाचा ठराव त्यानंतर कुणी मांडलाच नाही. संध्याकाळी सातनंतर अभ्यासिकेत मुली दिसायला लागल्या त्या त्या कडीनंतर. इतकी वर्षं आम्ही 'मुलींचा प्रतिसाद नाही' असं अहवालात लिहीत होतो.

गोळ्याचंही असंच. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅम, मुलींचा ४ किलो. आमची पोरं नदीतला गोटा वजनाचा म्हणून फेकायची. गोटा खरबरीत, बोटांत धरून राहतो. परीक्षेतला लोखंडी गोळा गुळगुळीत, त्यात घामेजलेला हात. पहिल्या वर्षी दोन पोरांच्या हातून तो मागंच सटकला. अमरावतीहून दोन्ही वजनांचे गोळे आणले तेव्हा पोरांनी ते वाचनालयाच्या टेबलावर ठेवून आधी नुसते हाताळले, तळहातावर माती चोळून, मानेला लावून. 'थंडा लागते बे,' एक जण म्हणाला.

पळायचा रस्ताही कुणीतरी मोटारसायकलच्या आकड्यावर मोजला होता, पुलापासून जिनिंगपर्यंत १६०० मीटर म्हणून. टेप धरून मोजलं तर १,४८०. पोरं घरी वेळेत पळायची आणि मैदानावर काही सेकंदांनी गुण जायचे, कारण एकशेवीस मीटर कमी पळत होती! साडेतीनशे रुपयांचा रंग आणून दर शंभर मीटरला रस्त्याकडेच्या दगडावर पट्टे मारले. हा आमच्या निधीचा आजवरचा सगळ्यात फायद्याचा खर्च.

एक इशारा. बक्षिसाच्या रकमेवर व्याज घालवू नका. सामन्यांचं पहिलं बक्षीस द्यायला नेते पुष्कळ मिळतात, फोटो निघतो ना. वीजबिल भरायला कोणी येत नाही. ज्याचा फोटो निघत नाही ते निधीनं करावं.

वर्षातून एकदा

हिशेब ३१ मार्चला बंद होतो, ऑडिट पावसाळ्यात उरकतं. पण गावाला वाचून दाखवायचा दिवस आम्ही २६ जानेवारी ठेवलाय, कारण त्या दिवशी झेंड्याला लोक आलेलेच असतात. मुद्दल किती, व्याज किती, कशावर गेलं, मुद्दलात किती परत टाकलं. चार आकडे, दोन मिनिटं, आणि वाचणारं पोरगंच. मग तो कागद महिनाभर मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर. खर्च कमी झाला असेल तर शिल्लक काय केली तेही सांगायचं. आमच्याकडे दोन वर्षं शिल्लक राहिली की मुद्दलात जाते.

सह्या करणारी माणसं वेळेवर बदला. माझी सही आता कापरी येते, गेल्या वर्षी दोनदा जुळली नाही. म्हणून कापसाच्या पावतीवर जिचं नाव होतं त्या पोरीला सहीदार केलं. ती पोलिसात गेली नाही, बी.कॉम. झाली. सहीदार बदलायला बँकेत लागतं ते एवढं: ठरावाची खरी प्रत, नव्या माणसाचं पॅन आणि आधार, दोन फोटो, जुन्या सहीदाराची संमती. तोच माणूस विश्वस्त किंवा कार्यकारिणीवरही नवा असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेगळा. आणि संस्थेचा गोल शिक्का सोबत न्या. मी ३४ वर्षं लोकांना शिक्क्यासाठी परत पाठवलं, आणि त्या दिवशी मीच तो घरी विसरलो. पोरगी काही बोलली नाही, फक्त दर्यापूरहून परत येताना एसटीत तिकिटाचे पैसे तिनं मला काढू दिले.